दामोदरच्या नाटकातला दुसरा भाऊ

दामोदर निनावे रस्ता ओलांडताना डावीकडे-उजवीकडे बघत नाही. वर बघतो. आकाश रिकामं आहे अशी खात्री झाली की मगच पाऊल टाकतो. आजवर त्याला दोन सायकली आणि एक हातगाडी लागली आहे, पण वरून काही पडलेलं नाही. त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे असं तो धरून चालतो.

नागपुरात सक्करदऱ्याच्या मागच्या वस्तीत आम्ही समोरासमोर राहतो. माझ्या ओट्यावरून त्याचं अंगण दिसतं. त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते मुद्दाम बघून मिळवलेलं नाही. डोळे उघडे ठेवले की दिसतंच.

दामोदर विमानतळावर नोकरीला होता. वस्तीतली पोट्टी त्याला पायलट आजोबा म्हणतात. एकदा एका पोट्ट्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही विमान चालवत होते?" तर म्हणाला, "मी विमानाच्या पुढं राहत होतो."

हे खोटं नाही. त्याची नोकरी पाखरं हाकलायची होती. अशी नोकरी असते हे मलाही त्याच्यामुळेच कळलं. विमान यायच्या आधी गवतातल्या टिटव्या, बगळे, घारी उडवून लावायच्या. गाडीतून जायचं, फटाका फोडायचा, नाहीतर तोंडानं हुर्र करायचं. दामोदरनं सगळी नोकरी हुर्र केलं. एवढी वर्षं विमानाशेजारी काढून तो एकदाही विमानात बसला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "वहिनी, हलवाई कधी पेढे खाते का?"

आमच्या चौकातला हलवाई खूप पेढे खातो.

त्याचं दुसरं वेड हवेचं. कुठलंही काम सुरू करायच्या आधी तो बोट जिभेला लावून ओलं करतो आणि वर धरतो. हवा कोठून येऊन राहिली ते बघतो. लग्नाच्या मांडवात बघतो, भाजी घेताना बघतो. माझा नवरा गेला तेव्हा घाटावरही यानं बोट वर केलं आणि सगळ्या माणसांना हाताला धरून एका बाजूला उभं केलं. कोणाच्याही डोळ्यांत धूर गेला नाही. त्यामुळे रडल्यासारखंही कोणी दिसलं नाही. माझे दीर अजून त्याच्यावर रागावून आहेत.

बायको वारली, एकुलती मुलगी उमरेडला दिलेली. नोकरी संपल्यावर माणूस काही दिवस गप्प बसला. आमच्या गल्लीत हाकलायला पाखरं नव्हती. कावळे होते, पण त्याच्या मते कावळा हा हाकलण्याच्या लायकीचा पक्षी नाही.

मग माझ्या नातीमुळे सगळं सुरू झालं. आरू तेव्हा चौथीत होती. ओट्यावर बसून धडा पाठ करत होती, विमानाचा शोध कोणी लावला वगैरे. डोळे मिटून, पुढे-मागे हलत. दामोदर अंगणातून ऐकत होता. तो आला.

"हे काय करून राहिली वं?"

"पाठांतर."

"विमान पाठ होते का? पुस्तकातलं एका कानानं घुसते, दुसऱ्या कानानं निघते. पडलं तर गुडघ्यात राहते." असं म्हणून तो माझ्या ओट्यावर चढला, दोन्ही हात पसरले आणि खाली उडी मारली. माझे वाळत घातलेले सांडगे खाली होते. "हा पहिला मानूस," तो सांडग्यांतून उठत म्हणाला. "पंखवाला. बुरुजावरून कुदला. पाय मोडला. काहून मोडला, सांग."

आरू म्हणाली, "उंचावरून पडला म्हणून."

"नाही. शेपूट लावलं नव्हतं म्हणून. पाखराले शेपूट असते. हा विसरला."

दुसऱ्या दिवशी आरूनं शाळेतून पाच पोट्टी आणली. सगळ्यांना पाठीमागे शेपूट बांधायला झाडू हवे होते. त्या आठवड्यात वस्तीतली अर्धी घरं झाडल्याशिवाय राहिली.

तेव्हापासून दरवर्षी पोळ्यानंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत त्याचं नाटक होतं. माणूस उडायला कसा शिकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोन महिने तालीम चालते. तालमीला दामोदर नोकरीतलं नारिंगी जाकीट घालतो, गळ्यात शिट्टी अडकवतो. गल्लीच्या मधोमध चुन्याची रेघ मारतो. शिट्टी वाजवून "रनवे खाली!" म्हणून ओरडला की दूधवाल्यानं सायकल घेऊन कडेला उभं राहायचं. एकदा तर वरात थांबवली. नवरदेवाला घोड्यावर बसून मेंढीचा प्रवेश पूर्ण बघावा लागला.

उडणाऱ्यांची खरी नावं दामोदर सांगत नाही. ती परदेशी आहेत, पोट्ट्यांच्या जिभेवर बसत नाहीत, आणि त्याच्याही नाहीत. तो म्हणतो पंखवाला, फुग्यावाले, टेकडीवाला, सायकलवाले भाऊ. कोणी नाव विचारलंच तर म्हणतो, "नाव काय करतं त्याचं? कुठून पडला ते विचार."

सगळ्यांत आवडता प्रवेश फुग्याचा. परदेशात कोण्या राजासमोर धुराचा मोठा फुगा उडवला होता. माणसाला बसवायची हिंमत नव्हती, म्हणून टोपल्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवला. हे खरं आहे म्हणतात. दामोदरनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बदकाचं काम आरूकडे होतं. ती अडून बसली.

"बदक तर आधीच उडते. त्याले कायले फुग्यात बसवलं?"

दामोदर इतका खूश झाला की त्यानं शिट्टी वाजवली. "म्हणूनच तं बसवलं! बदकाले वरच्या हवेची सवय आहे. वर जाऊन बदक मेलं तं दोष फुग्याचा. बदक जिवंत अन् मेंढी मेली तं दोष उंचीचा. समजलं?"

मला समजलं. आरूला समजलं नाही, पण आपण महत्त्वाचे आहोत एवढं समजलं. तिनं काम घेतलं.

फुगा खाली उतरल्यावर बघितलं तर कोंबड्याचा पंख दुखावला होता. लोक घाबरले, वरची हवा वाईट म्हणाले. मग कळलं की मेंढीनं लाथ मारली होती. या लाथेसाठी आमच्या गल्लीत मेंढीच्या कामावर दरवर्षी मारामारी होते. एका पोट्ट्यानं परीक्षेत विमानाच्या प्रश्नाखाली मेंढी, लाथ आणि कोंबडा एवढंच लिहिलं. शून्य मिळालं. दामोदर म्हणाला, "बरोबर लिहिलं होतं."

एका वर्षी त्याला वाटलं, खरी मेंढी आणावी. मेंढी मिळाली नाही, बकरी मिळाली. बकरीनं फुगा खाल्ला. त्यावरही तो म्हणाला, "इतिहासात असंच होते."

टेकडीवाल्याच्या प्रवेशाला मात्र सगळ्यांनी चपला काढून उभं राहायचं असतं. हा माणूस पंख बांधून टेकडीवरून पुन्हा पुन्हा उडाला आणि शेवटी पडून मेला. दामोदर म्हणतो, "हा पडला म्हणून पुढचे उडले." पोट्टी तेवढा वेळ गप्प राहायचा प्रयत्न करतात. जमत नाही. कोणीतरी फिसकन हसतंच.

शेवटचा प्रवेश सायकलवाल्या भावांचा, आणि इथेच दामोदरची खरी अडचण आहे.

हे दोघं सख्खे भाऊ. सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी विमान केलं. एक भाऊ विमानावर पालथा झोपला, दुसरा बाजूनं पंख धरून पळाला. विमान डुलू नये म्हणून धरायचं आणि वेग आला की हात सोडायचा. सोडला, आणि ते उडालं. त्यांना एक बहीणही होती. आरूनं विचारलं, बहीण काय करत होती. दामोदर म्हणाला, घर सांभाळत होती. आरू म्हणाली, "मंग मी बदकच बरी."

बाकीची सगळी कामं पोट्टी करतात. भावांची दोन्ही कामं दामोदर स्वतः करतो. कोणाला देत नाही. "हे भावाचं काम आहे. ते भावानंच करावं लागते," एवढंच म्हणतो. त्यामुळे शेवटी असं होतं की दामोदर बांबूच्या सांगाड्यावर पालथा झोपतो, मग उठतो, बाजूला येऊन पंख धरतो, चार पावलं पळतो, पुन्हा येऊन झोपतो, पुन्हा उठतो. झोपताना एक टोपी, पळताना दुसरी. लोकांना हाच प्रवेश सगळ्यांत विनोदी वाटतो. मीही हसते. पण ते का होतं हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

दामोदरला धाकटा भाऊ आहे. वसंता. तो त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहतो. वाटणीच्या वेळी न्हाणीघर कोणाकडे यावं यावरून बोलणं तुटलं. वसंतानं अंगणात भिंत घातली आणि आपलं दार मागच्या गल्लीत काढलं. न्हाणीघर बरोबर भिंतीखाली आलं, ते कोणालाच मिळालं नाही. वीसेक वर्षं झाली असतील. दामोदरची बायको वारली तेव्हा वसंता तिरडीला खांदा देऊन गेला, पण भावाशी बोलला नाही.

गेल्या वर्षी दामोदरच्या गुडघ्यात पाणी झालं. डॉक्टरनं उठबस बंद सांगितली. झोपणं आणि पळणं दोन्ही एका माणसाला आता शक्य नव्हतं. मी म्हटलं, "दामोदर, एक काम पोट्ट्याले दे गा."

"नाही."

"मंग वसंताले बोलाव."

तो माझ्याकडे असं बघू लागला जसं मी त्याला चंद्रावर जायला सांगितलं. मग दोन दिवसांनी जुना सदरा, जुनी विजार आणि कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"वहिनी, मले एक भाऊ शिवून द्या."

आमचं घर विणकराचं. माग गेले, पण सुईदोरा गेला नाही. विमानाच्या पंखांना मांजरपाट मीच शिवला होता, तेव्हा भाऊही शिवला. कुटार ठासून भरलं. जुन्या उशीच्या अभ्र्याचं डोकं केलं. पोट्ट्यांनी त्यावर कोळशानं डोळे काढले आणि मिशी काढली. मिशी अशी काढली की बघताक्षणी कळावं. वसंता म्हणजे हाडं आणि मिशी. बाकी त्याच्यात काही नाही.

दामोदरनं मिशी बघितली. पुसा म्हणाला नाही.

"याले कुठं बांधू?" मी विचारलं. "विमानावर का बाजूला?"

"वर."

"अन् तू पळणार? या गुडघ्यानं?"

"गुडघा माहा आहे."

सांगाडा मोठा झाला होता, अंगणात मावेना. म्हणून पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी दामोदरनं तो गल्लीत, लाइटच्या खांबाला टेकवून उभा केला. दोन्हीकडे लांब पंख, मध्ये कुटाराचा माणूस हात पसरून बांधलेला.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. त्या दिवशी मारबत निघते. बांबू-कागदाच्या मोठ्या बाहुल्या करायच्या, बाई असेल तर मारबत, पुरुष असेल तर बडग्या. जे नको असेल त्याच्या नावानं बडग्या करायचा. महागाई, रोगराई, लाचखाऊ साहेब. त्याला वाजत-गाजत वस्तीबाहेर नेऊन जाळायचा आणि ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" म्हणजे पीडा टळली. आमच्या वस्तीचा बडग्या दरवर्षी वसंताच बांधतो. माग बंद पडला तेव्हापासून तो लकडगंजच्या एका टालात, लाकडाच्या वखारीत, बांबूचं काम करतो, त्याचा हात बसलेला आहे. गेल्या वर्षीचा बडग्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचा होता.

त्या सकाळी दामोदर टोप्या आणायला सीताबर्डीला गेला. जुन्या टोप्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. मी आत करंज्या तळत होते. बाहेर ताशा वाजायला लागला, मला वाटलं बडग्या निघाला. मग आरू ओरडत आली, "आजी, विमान चाललं!"

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. वसंता खड्ड्यांचा बडग्या घ्यायला आमच्या गल्लीतून जात होता. खांबाजवळ थांबला. बांबूचा सांगाडा, त्यावर हात पसरलेला कुटाराचा माणूस, तोंडावर आपली मिशी, आणि दिवस मारबतीचा. दुसऱ्या कुठल्या गावात माणसाला काही वेगळं वाटलं असतं. नागपूरच्या माणसाला एकच वाटणार. वसंताला वाटलं, सख्ख्या भावानं आपला बडग्या केला.

त्यानं तो कोणाला उचलू दिला नाही. स्वतःच्या डोक्यावर घेतला. "चला बे!" म्हणून सगळ्यांच्या पुढे झाला. मी हाका मारल्या, झारा हलवला. ताशापुढे कोण ऐकतं. पोरांना वाटलं मी नाचून राहिली.

खड्डे त्या वर्षी वस्तीतच राहिले. अजून आहेत.

दामोदर दुपारी आला. खांबाजवळ उभा राहिला. एरवी त्यानं बोट ओलं केलं असतं, त्या वेळी नाही केलं. आरूनं सगळं सांगितलं.

"कोणं नेला?"

"वसंत आजोबानं."

"काय म्हणला जाळताना?"

आरू खोटं बोलत नाही. ती माझ्यावर गेली आहे. "म्हणला, घेऊन जा गे मारबत, निनाव्याच्या वसंताले घेऊन जा."

दामोदर ओट्यावर बसला. दोन्ही नव्या टोप्या मांडीवर होत्या. म्हणाला, "पोट्ट्यांना सांग, नाटक नाही." आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

मला असल्या गोष्टींचा कंटाळा आहे. दोन म्हातारी माणसं, मध्ये एक भिंत, आणि कोणी तोंड उघडत नाही. मी करंज्या झाकल्या, मागच्या गल्लीत गेले. वसंता दारातच बांबू सोलत बसला होता. ओरडून ओरडून घसा बसलेला.

"काय गा, आला जाळून?"

"जाळला वहिनी. चौकात जाळला. माह्या मिशीचा बडग्या करते? न्हाणीघर पाहिजे होतं तं तोंडानं मांगाचं. माणूस का इडा-पीडा असते?"

"तो बडग्या नव्हता."

"मंग काय होतं?"

"तू होता."

वसंताचा हात थांबला.

"नाटकातला तू," मी म्हटलं. "ते सायकलवाले भाऊ नाहीत का? त्यातला एक. तू काही येत नाही, म्हणून त्यानं तुले कुटारानं भरला. मीच शिवला. मिशी पोट्ट्यांनी काढली. अन् तू शहाणा, स्वतःले डोक्यावर घेऊन गेला अन् स्वतःच्याच नावानं बोंबलून आला."

त्यानं कोयता बाजूला ठेवला. मग मान खाली घालून विचारलं, "मी कोणता होतो?"

"कोणता म्हणजे?"

"दोन भाऊ आहेत ना. एक विमानावर झोपते, एक खालून पळते. पोट्टे दोन महिने बोंबलून राहिले, मले भिंतीतून सारं ऐकू येते. त्यातला मी कोणता?"

"वर झोपलेला."

"अन् तो?"

"तो पळणार होता. गुडघ्यात पाणी झालंय तरी."

वसंतानं मिशीवरून हात फिरवला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी उठून आले. त्याच्यापुढे बसून राहण्यात अर्थ नव्हता, आणि मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

मी या वस्तीत लग्न होऊन आले तेव्हा ही दोघं पोरं होती. विमानाचं वेड वसंताला होतं. दामोदरला नव्हतं. दामोदरला तेव्हा झोपेशिवाय कशाचं वेड नव्हतं. आवाज आला की वसंता मागावरून उठून धावत गच्चीवर जायचा आणि बापाचा मार खायचा. मागाच्या काड्यांची विमानं करायचा. पुढे कोणीतरी ओळखीच्यानं सांगितलं, विमानतळावर एका पोराला लावून देतो. बाप म्हणाला, मोठा जाईल. धाकट्याचा हात मागावर चांगला बसला आहे, तो घरी राहील. दामोदर नोकरीवर गेला. वसंता मागावर बसला आणि माग बंद पडेपर्यंत उठला नाही. न्हाणीघर नंतरचं आहे.

हे दोघांपैकी कोणी कधी बोललं नाही. दामोदर पोट्ट्यांना उडायचा इतिहास शिकवायला लागला तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी छंद. ते वेड कोणाचं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढचे दिवस भिंतीपलीकडून बांबू फोडल्याचा आवाज येत होता. दामोदर म्हणाला, "पुढच्या वर्षीचा बडग्या आतापासूनच करून राहिला असन." वसंता माझ्याकडे मांजरपाट किती लागला ते विचारायला येऊन गेला होता, पण ते मी दामोदरला का सांगू. त्यानं विचारलं नव्हतं.

रविवारी पोट्टी आली. नाटक नाही असं पोट्ट्यांना सांगून काही होत नसतं. मेंढी मेंढी होऊन आली, आरू बदक होऊन आली, कोंबड्यानं घरूनच पंखाला पट्टी बांधून आणली. लोकांनी खुर्च्या मांडल्या. दामोदर बनियनवर ओट्यावर बसून राहिला. कोणाकडे बघेना.

मग गल्लीच्या तोंडाशी वसंता दिसला. त्याच्या दारातून आमच्याकडे यायला पूर्ण वळसा घालावा लागतो. डोक्यावर नवा सांगाडा होता. मी सांगते, दामोदरचा सांगाडा त्याच्यापुढे काहीच नव्हता. पंख असे ताणलेले की टिचकी मारली तर वाजावे. वसंतानं तो चुन्याच्या रेघेवर ठेवला. स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. इकडे-तिकडे बघितलं नाही, सरळ त्यावर पालथा झोपला.

दामोदर उठला. लंगडत आला. सांगाड्याभोवती एक फेरी मारली. बांधणी दाबून बघितली. मग घरात गेला, जाकीट घालून आला, एक टोपी भावाच्या डोक्यावर ठेवली. ती त्याच्या डोळ्यांवर आली. कोणी नीट केली नाही.

मग शिट्टी वाजली आणि नाटक सुरू झालं, पण पहिल्यापासून. इतिहास क्रमानं झाला पाहिजे असं दामोदरचं म्हणणं. पंखवाला कुदला. फुगा गेला. मेंढीनं कोंबड्याला लाथ मारली आणि वसंताच्या पाठीवरून उडी मारून पळाली. टेकडीवाला मेला. हे सगळं होईपर्यंत वसंता रनवेच्या मधोमध पालथा पडून होता. एकदा त्यानं नाकावरची माशी उडवली. बाकी हलला नाही.

शेवटी भावांची पाळी आली. आठ पोट्ट्यांनी सांगाड्याखालचे बांबू खांद्यावर घेतले. वसंता वर गेला. दामोदरनं बाजूचा पंख धरला आणि शिट्टी वाजवली. पोट्टी पळाली. दामोदर पळाला. गुडघा धरून, तिरका, पण पळाला. लोक टाळ्या वाजवत होते. रेघ संपते तिथे त्यानं हात सोडायचा होता, दोन महिने तेच शिकवलं होतं. रेघ संपली. आरू मागून ओरडली, "आजोबा, सोडा! सोडा ना!" त्यानं सोडला नाही. माझं घर गेलं, किराणा दुकान गेलं, तरी सोडला नाही. गल्ली पिठाच्या गिरणीपाशी संपते, तिथपर्यंत तो पंख धरून पळत गेला.

मी मागून चालत पोचले तेव्हा पोट्टी धापा टाकत उभी होती. सांगाडा त्यांच्या खांद्यावर डुलत होता. वसंता टोपीखालून म्हणाला, "सोड ना गा आता."

"पडशीन," दामोदर म्हणाला.

मग पोट्ट्यांचे खांदे दुखायला लागले, म्हणून त्यांनीच विमान खाली ठेवलं.